लस उठली का?

अमरावती,
८ मार्च २०२१

प्रिय कौशल्या,

नणदेचं पत्र पाहून छातीवर हात ठेवू नकोस. आम्ही दोघंही जिवंत आहोत आणि भगवंतराव समोर बसून माझ्या हातचा चहा पातळ झाल्याची तक्रार करताहेत, म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

फोनवर का नाही बोलले, म्हणशील. तुमचा फोन कुंदनच्या खिशात. आत्याचा फोन आला की तुझा लेक तो स्पीकरवर टाकतो, आणि पलंगावरून दादा विचारतो, "काय म्हने शकुन?" मग मी काय बोलणार, कपाळ? दादाला ही गोष्ट बेताबेतानं सांगायला हवी, आणि ते काम बायकोचं. तू माझी वर्गमैत्रीण होतीस म्हणून तर तुला त्याच्या गळ्यात बांधली.

तर सांगायचं हे की शुक्रवारी आम्ही दोघांनी कोरोनाची लस घेतली. खोटं कशाला बोलू, घरून निघताना मी चांगली साडी नेसले. म्हटलं, काही झालंच तर लोकांनी जुनेऱ्यात बघायला नको. कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते शेजारणीला सांगून ठेवलं. सुई टोचली ती कळलीसुद्धा नाही. खरी भीती त्यानंतर. टोचल्यावर अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवतात, काही होतं का ते बघायला. सगळे म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. कोणी खोकलं की बाकीचे खुर्ची सरकवणार. एका बाईनं नुसते डोळे मिटले तर तिच्या नवऱ्यानं सिस्टरला हाक मारली. ती बिचारी नामस्मरण करत होती.

संध्याकाळी मात्र हुडहुडी भरून ताप आला. वाटलं, झालं आपलं. सकाळी उठले तर अंग मोकळं. आपल्या लहानपणी शाळेत देवी काढायला माणूस यायचा, आठवतं? तू संडासामागे लपली होतीस. ज्याच्या दंडावर फोड यायचा त्याची लस उठली, ज्याला नाही त्याला पुन्हा टोचायचे. हेही तसंच समज. ताप आला म्हणजे लस उठली.

इथली परिस्थिती वाईट आहे. शहर बंद, अंबादेवीला कुलूप. आमच्या गल्लीतले शालिकराम मास्तर चालत ॲम्ब्युलन्समध्ये बसले, हात हलवला, आणि परत आले नाहीत. भोंगा वाजला की मी कान देते, थांबतो की पुढे जातो. दादाला साखर आहे. म्हणून हात जोडून सांगते, त्याला लवकर ने.

तुझी,
शकुन

*

बारशीटाकळीजवळून,
१६ मार्च २०२१

शकुन,

पोस्टमननं पत्र थेट वांग्याच्या वाफ्यात आणून दिलं. हात मातीचे होते, तसंच फोडलं. तू भीतीसुद्धा हसत हसत लिहितेस, बाई. मला हसता येत नाही.

गावात काय काय बोलतात ते ऐकशील तर तूही घाबरशील. देवीदास पारावर बसून सांगतो की सुई घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो. मी म्हटलं, तुले कोनं सांगतलं? म्हणे, मोबाईलवर आलं. कोणी म्हणतं, साखरवाल्यांना ती चढते. तेवढंच माझ्या डोक्यात बसलं आहे. सांभाराच्या जुड्या निवडतानाही तेच, भाकर थापतानाही तेच. न नेलं आणि रोग झाला तर? नेलं आणि सुई चढली तर? दोन्हीकडून हात माझेच काळे.

तुझ्या भावापाशी विषय काढला तर म्हणाले, "बिमार मानसाले सुई देतात. मी काय बिमार हाय? मले कायले?" मग मी तुझं नाव घेतलं. उठून बसले. नंतर म्हणाले, "शकुननं घेतली? अन् तिले काई नाई झालं? मंग मी तिच्यापेक्षा भेकड हाव का?" तर तेवढ्यावर तयार झाले आहेत. बहिणीपुढे नाक खाली जायला नको, बाकी काही नाही.

आम्ही ठरवलं की दोघांनी एकाच दिवशी टोचून घ्यायचं नाही. घरात एक माणूस उभं पाहिजे. आधी ते, मग मी.

शकुन, तुला आपल्या मैत्रीची शपथ. काही लपवलं असशील तर सांग. ताप किती आला होता? शुद्ध होती ना?

कौशल्या

*

अमरावती,
२१ मार्च २०२१

कौशल्या,

शपथा कसल्या घालतेस! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. शुद्ध इतकी होती की तापात मी भगवंतरावांना गॅस बंद केला का म्हणून दोनदा विचारलं.

दवाखान्यातून तापाची गोळी दिली होती, तीही मी घेतली नाही. उगाच पोटात कशाला? कपाळावर ओली घडी ठेव, पातळ काहीतरी दे. ताप आपोआप उतरतो. आला तर घाबरू नकोस, उलट आनंद मान. आणि देवीदासला सांग, शकुन मास्तरीण आली की तुझे कान धरणार आहे.

ने त्याला. उद्या म्हणू नकोस.

शकुन

*

बारशीटाकळीजवळून,
३१ मार्च २०२१

शकुन,

झालं एकदाचं. गुरुवारी यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कुंदननं मोटरसायकल बाहेर लावली आणि भाजीच्या पैशांसाठी बाजारात गेला, मी आत यांच्याजवळ. सुई टोचताना यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली. बाहेर आल्यावर मात्र कुंदनसमोर छाती काढून, "मुंगी चावल्यावानी झालं बस."

घरी येऊन ताप आला. शनिवारी उतरला. होळीला अंगणात खुर्ची टाकून बसले, नातवंडांना पिचकाऱ्या भरून दिल्या. धुळवडीच्या संध्याकाळपासून पुन्हा ताप चढला आहे, पहिल्यापेक्षा जास्त. कुंदन म्हणतो, "बाबाची लस लय जोरात उठली, आत्यापेक्षा बी जोरात." तेवढं ऐकून हे तापातही खूश झाले.

शेजारच्या रुख्मिणीकाकू पाहून गेल्या. त्या म्हणाल्या, देवी काढल्यावर करायचो तसंच पथ्य पाळ. म्हणून दाराला पानांनी भरलेला कडुनिंबाचा डगळा बांधला आहे. घरात फोडणी बंद. गोळी-औषध काही नाही, त्यानं उठलेली लस बसते म्हणतात. खोलीत मीच जाते, सुनेला आणि पोरांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. हे कुरकुरतात की तोंडाला कशाचीच चव नाही. आता बिनफोडणीच्या वरणाला कुठून चव येणार, सांग!

थोडा खोकला आहे. सुई घेतली त्या आधीच्या रविवारी चुलतभावाच्या शुभमचा साखरपुडा झाला, तिथे हे उन्हात पंगती वाढत होते आणि वरून बर्फाचं पाणी प्यायले. त्याचाच असेल.

लोक बघायला येतात, डगळा पाहून दारातूनच परत जातात. देवीदाससुद्धा आला होता. म्हणाला, "वयनी, भाऊले काई होनार नाई, मी पाराच्या गोष्टी गंमत म्हनून सांगतो." त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याला पाहून मलाच जास्त भीती वाटली.

कौशल्या

*

बारशीटाकळीजवळून,
५ एप्रिल २०२१

शकुन,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते. काल तुझा फोन आला तेव्हा कुंदन "बरे हायेत, झोपले" म्हणाला, ते मीच त्याला सांगायला लावलं. तू काळजीनं ओरडतेस आणि मग यांना कळतं की आपलं काही खरं नाही.

ताप आता तितका नाही. पण मोरीपर्यंत जाऊन आले की धापा टाकतात. बोलताना मध्येच थांबतात. आज कडुनिंबाच्या पाण्यानं अंग पुसून दिलं आणि वेशीवरच्या मातामायला दहीभात ठेवून आले. तिच्यापुढे डोकं टेकलं तर उठवेना.

दवाखान्याचं नाव काढलं तर लहान पोरासारखे रडतात. "मले तिथं नको नेऊ, कौसल्ये. तिथून मानूस बांधून आनतात." देवीदासच्या मेव्हण्याला अकोल्याहून तसाच आणला होता, प्लास्टिकमध्ये. तोंड पाहू दिलं नाही. हे तेव्हा तिथेच उभे होते. आणि शकुन, मलाही तेच दिसतं. डोळे मिटले की तेच.

खरं सांग. लस इतके दिवस उठत राहते का?

कौशल्या

*

अमरावती,
७ एप्रिल २०२१

कौशल्या,

तुझं एकतीस तारखेचं पत्र आज मिळालं. हा लसीचा ताप नाही. उतरून पुन्हा चढलेला ताप, खोकला, तोंडाला चव नाही, हे सगळं मी इथे आमच्या गल्लीत घरोघरी ऐकलं आहे. वरणाचा दोष नाही गं. लस अंगात मुरायला काही आठवडे लागतात, दादाला रोग त्या साखरपुड्याच्या पंगतीतच लागला असणार. सुई बिचारी नंतर आली.

सकाळपासून फोन करते आहे. कुंदन आधी म्हणाला झोपले आहेत. दुपारी झोपले आहेत. मी म्हटलं, त्याच्या तोंडाजवळ फोन धर, मला झोपलेला माणूस ऐकायचा आहे. त्यानं धरला. कौशल्या, तो श्वास मी ऐकला. मी कुंदनला काय काय बोलले ते मला आठवत नाही. भगवंतराव म्हणतात, शेजारी बाहेर आले.

आमच्याकडून गाडी मिळत नाही, पास मिळत नाही. मी अमरावतीत आणि माझा भाऊ तिकडे. तो डगळा काढून फेक. मी काय लिहिलं होतं ते विसर, ती गंमत होती, मी डॉक्टर आहे का? त्याला अकोल्याला हलव, रडला तरी हलव.

आत्ता कुंदनचा फोन आला. गाडी मिळाली, निघतो म्हणाला. पत्र आता कशाला, असं हे म्हणतात. तरी टाकते. नाही टाकलं तर हातांचं काय करू?

शकुन

*

बारशीटाकळीजवळून,
१४ मे २०२१, अक्षयतृतीया

शकुन,

आज यांच्या नावाची घागर भरली. तुझा भाऊ पितरांत जाऊन बसला आणि मला त्याच्यासाठी पुरण घालताना अजून वाटत होतं की मागून आवाज येईल, गोड कमी झालं म्हणून.

फोनवर आपण नुसत्या रडतो, बोलणं होत नाही. आज सगळं लिहिते. मग तू मला पत्र लिहिणार नसशील तर नको लिहू.

गावात सगळे यांच्याबद्दल एकच म्हणतात, "शेषरावाले सुईनं मारलं." कुंदन तर पारावर उभा राहून म्हणतो. अकोल्याच्या दवाखान्यानं कोरोनाचा रिपोर्ट दिला होता, तो खोटा आहे म्हणतो. आरोग्याचं काम करणारी आशाताई दामिनी लस घ्या म्हणत घरोघरी फिरते, कोणी दार उघडत नाही. मागच्या आठवड्यात शाळेत लसीची पेटी आली आणि तशीच परत गेली. एका बाईनं दामिनीच्या अंगावर पाणी फेकलं. ती रडत माझ्या दारावरून गेली आणि मी आतून पाहिलं.

आणि मला ते ऐकायला बरं वाटतं. हे लिहून दोनदा खोडलं, पण बरं वाटतं. सुईनं मारलं म्हटलं की मी सुटते.

कारण त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टरनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं. बाई, ताप दोन दिवसांच्या वर राहिला तर लगेच परत आणा, ही गोळी द्या, थांबू नका. कुंदन नव्हता, यांना ऐकू गेलं नाही. मी घरी कोणाला सांगितलं नाही. तुलाही लिहिलं नाही. परत नेलं की अकोल्याला पाठवतील आणि बांधून आणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लस उठली, लस उठली म्हणत मी स्वतःलाच थापटत बसले. अकोल्यात डॉक्टरनं विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, कालपासून. त्यानं तेच कागदावर लिहून घेतलं. मग यांना आत नेलं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते लांबून. तेही बांधलेलं.

तेव्हा तू तुझ्या पत्रांना दोष देऊ नकोस. तुझं पत्र नसतं तर मी दुसरं काहीतरी धरलं असतं.

पण आता एक नवी भीती आहे. गावात ताप वाढला आहे आणि दारांना कडुनिंबाचे डगळे दिसू लागले आहेत. कोणी औषध देत नाही. त्यांनी माझं दार पाहून बांधले, शकुन. रुख्मिणीकाकूंच्या दारालाही आहे, आत त्यांची सून खोकते. आमची पोरं वाचली ती डगळ्यामुळेच, असं लोक म्हणतात. पोरं वाचली ती आत आली नाहीत म्हणून. पण हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर लोक विचारतील, मग तू का नेलं नाहीस? आणि कुंदन तिथे उभा असेल.

कौशल्या

*

अमरावती,
२१ मे २०२१

माझी कौशल्या,

पत्र लिहिणार नाही असं तुला वाटलंच कसं? राग आला. खोटं नाही बोलत, खूप आला. दिवसभर तुझ्याशी मनात भांडले. मग आठवलं की ताप आला तर आनंद मान, हे वाक्य माझ्या हातचं आहे. मग कोणाशी भांडू?

माझं ऐक. गप्प राहा. लोक म्हणतात ते म्हणू दे. सांगून दादा परत येणार नाही आणि तुझं म्हातारपण त्या घरात जायचं आहे, कुंदनच्या हातची भाकर खाऊन. त्याला हे कळलं आणि त्यानं तोंड फिरवलं तर तू कुठे जाशील? बाप गेलेल्या मुलाचा राग वाईट असतो. गावाची काळजी करायला सरकार आहे.

गाड्या सुरू झाल्या की तू इकडे ये. इथे तुला लस देऊ, चार दिवस माझ्याजवळ राहा. गावात कोणाला कळायचंसुद्धा नाही. माझा भाऊ गेला. तुलाही गमवायची माझी तयारी नाही, मग कोणी मला चूक म्हणो की बरोबर.

तुझी,
शकुन

*

बारशीटाकळीजवळून,
२८ जून २०२१

शकुन,

तुझं ऐकलं नाही. रागावू नकोस.

रुख्मिणीकाकूंची सून गेली. पोर अंगावर पिणारी आहे. मी मयतीला गेले तर काकू मला धरून म्हणाल्या, "मी पथ्यात काई कमी नाई केलं व कौसल्ये, तुह्यासारखंच सारं केलं." ते ऐकून मी तिथून उठून आले.

परवा शाळेच्या व्हरांड्यात पुन्हा लसीची पेटी आली. दामिनी, एक सिस्टर आणि रिकाम्या खुर्च्या. लोक लांब, चिंचेखाली. कुंदनही त्यांच्यातच होता. मी घरून निघाले ती भिंतीच्या कडेकडेनं गेले. दामिनीला वाटलं मी भांडायला आले, ती उभीच राहिली. मी खुर्चीवर बसले आणि बाही वर केली. देवीदास ओरडला, "वयनी, घरात एक गेला ना? आता तू बी जातं का?"

मग मी बोलले. आयुष्यात चार माणसांत कधी बोलले नव्हते. म्हटलं, "सुईनं नाई गेले ते. कोरोनानं गेले. ताप राह्यला तर घेऊन या असं मले सिस्टरनं सांगतलं होतं. मी नाई नेलं. मी भेली. दाराले निंब बांधून बसली अन् मानूस मरून राह्यला होता तरी लस उठली म्हनत राह्यली. माह्यं पाहून कोनी बांधू नका. बांधले असन तर सोडा अन् दवाखान्यात न्या. शिव्या द्यायच्या तर मले द्या, त्या सुईले नका देऊ."

कुंदन उठला आणि बांधाकडे निघून गेला. मी त्याची पाठ पाहत होते, सुई कधी टोचली ते कळलं नाही. अर्धा तास बसायला सांगितलं तेव्हा शेजारची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. रुख्मिणीकाकू होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी दंड पुढे केला. त्यांच्या मागून आणखी काही बाया आल्या. पुरुष एकच, देवीदास.

घरी कुंदन जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी शब्द नाही. सून रूपाली आमच्या दोघांच्या मध्ये ताट घेऊन फिरत होती. मला कोरोनाची इतकी भीती वाटली नव्हती, शकुन, सुईची तर नाहीच, तितकी त्याच्या पावलांची वाटली. तू लिहिलेलं सगळं खरं होतंय असं वाटून मी माझ्या लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं. तुझ्याकडे यायला.

आज सकाळी तो वांग्याची पोती भरत होता. मी तोंड पकडून द्यायला गेले, रोजच्यासारखी. पोतं शिवता शिवता, मान खालीच ठेवून म्हणाला,

"डॉक्टरले तू कालपासून म्हनली, तवा मी तुह्या मांगंच उभा होतो."

माझ्या हातातून पोतं सुटलं.

"सिस्टरनं गोळ्या देल्या होत्या त्या बी मले सापडल्या होत्या, तुह्या उशाखाली. बाबा गेल्यावर. मी नालीत फेकल्या." मग सुतळी ओढून गाठ मारली. "म्हनून मी सुईचं नाव घेत फिरलो, आई. लोकायनं तुह्यं नाव घेऊ नये म्हनून. अन् तू सोताच जाऊन सारं सांगून आली."

मी तिथेच मातीत बसले. तोही बसला. आम्ही दोघं, हे गेल्यापासून पहिल्यांदा, एकमेकांसमोर रडलो. गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

आता त्याच्या वयाच्यांनाही लस सुरू झाली आहे. उद्या तो बारशीटाकळीला जातो आहे, मी सोबत जाणार आहे. गाठोडं अजून सोडलेलं नाही. भीती वाटते, बाई, खूप वाटते. पण आता या घरात आम्ही दोघंजण भितो, आणि एकमेकांना सांगतो.

तुझी,
कौशल्या